आतडं नेमकं कोणाचं ऐकतं?

पेशीजाल:

बद्धकोष्ठावरच्या मागच्या धाग्यात "आतडी सुस्त झालीत", "आतड्यांत जोरच राहिला नाही" अशी वाक्यं बरीच आली. घरगुती उपायांवर तिथे भरपूर बोलून झालंय, ते इथे नको. मला मुळातल्या गोष्टीवर लिहायचंय: आतडं हलतं कसं आणि त्याला हलवतं कोण. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. हा भाग शिकवताना मला एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसवायची असते, ती म्हणजे आतड्याच्या हालचालीत आवळण्याइतकंच सैल सोडणं महत्त्वाचं आहे. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फक्त आवळणं असतं.

आधी आतड्याची भिंत बघू. आत अस्तर, बाहेर स्नायूंचे दोन थर. आतल्या थरातले तंतू नळीला वेढून असतात, बाहेरच्या थरातले लांबीच्या दिशेने. आतला थर आवळला की नळी अरुंद होते, बाहेरचा आवळला की आखूड होते. या दोन थरांच्या मधोमध चेतापेशींचं जाळं पसरलेलं असतं, त्याला आउअरबाखचं जाळं म्हणतात. दुसरं जाळं, मायस्नरचं, अस्तराच्या लगेच खाली. त्याचं लक्ष जास्त करून पाझरणाऱ्या रसांवर आणि रक्तपुरवठ्यावर. दोन्ही जाळ्यांत मिळून 10 कोटींहून जास्त चेतापेशी आहेत.

1899 साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्यांच्या आतड्यावर प्रयोग केले. बाहेरून आतड्याकडे येणाऱ्या नसा त्यांनी तोडल्या, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा संबंध संपला. तरीही आतड्यात गोळा ठेवला की त्याच्या वरच्या बाजूला आतडं आवळायचं, खालच्या बाजूला सैल पडायचं, आणि गोळा पुढे सरकायचा. या निरीक्षणाला त्यांनी 'आतड्याचा नियम' म्हटलं. झाकण न उघडता ट्यूब कितीही दाबा, बाहेर काही येणार नाही. इथे दाबणं आणि झाकण उघडणं ही दोन्ही कामं भिंतीतलं तेच जाळं करतं.

ते कसं, हे पुढच्या नव्वदेक वर्षांत हळूहळू उलगडलं. अन्नाने भिंत ताणली गेली किंवा अस्तराला घासलं की अस्तरातल्या काही खास पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. शरीरातलं 90 टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यात असतं, ते याच पेशींमुळे. सेरोटोनिनमुळे भिंतीतल्या संवेदक चेतापेशी जाग्या होतात आणि दोन दिशांना निरोप धाडतात. वरच्या बाजूला ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटतं, स्नायू आवळतो. खालच्या बाजूला नायट्रिक ऑक्साइड सुटतं, स्नायू सैल पडतो. घास पुढे गेला की तिथली भिंत ताणली जाते आणि हेच सगळं पुन्हा घडतं. ही पेरिस्टाल्सिसची लाट.

सैल सोडण्याची बाजू बिघडली तर काय होतं ते ॲकॅलेझिया या आजारात दिसतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी, सैल पाडणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात. स्नायू चांगला असतो, पण दार उघडत नाही. अन्न अन्ननलिकेतच साचतं, नळी हळूहळू फुगत जाते, आणि पेशंट सांगतो की पाणीसुद्धा छातीत अडकतंय.

----

संथवाहिनी:

छान लिहिलंय. एक शंका. बाहेरच्या नसा तोडूनही आतडं हलतं हे कळलं, पण मग ठेका कोण धरतं? हृदयाला जसा स्वतःचा पेसमेकर असतो तसं काही आहे का?

----

पेशीजाल:

आहे, आणि मला तो भाग फार आवडतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी आतड्याच्या भिंतीत चेतातंतू आणि स्नायू यांच्यामध्ये फांद्या फुटलेल्या विचित्र पेशी पाहिल्या आणि त्यांची चित्रं काढली. त्यांना त्या साध्या चेतापेशीच वाटल्या. पुढे 1906 साली चेतासंस्थेच्या रचनेवरच्या कामासाठी त्यांना इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांच्यासोबत नोबेल मिळालं, पण या पेशींचं काम कळायला 1990चं दशक उजाडावं लागलं. ज्या उंदरांत एका जनुकाच्या दोषामुळे या पेशी लहान आतड्यात तयारच होत नाहीत, त्यांच्या आतड्यातला विजेचा ठेका नाहीसा झालेला दिसला. आज त्यांना काहालच्या आंतरपेशी म्हणतात.

या पेशी विजेच्या संथ लाटा निर्माण करतात. माणसाच्या जठरात मिनिटाला साधारण 3, लहान आतड्याच्या सुरुवातीला 12, शेवटाकडे 8-9. वरचा ठेका जलद आणि खालचा संथ, त्यामुळे लाटांचा ओढा वरून खाली राहतो.

पण हृदयात आणि इथे मोठा फरक आहे. हृदयात प्रत्येक ठोक्याला स्नायू आवळतोच. आतड्यात संथ लाट येऊन जाते आणि पुष्कळदा काहीच घडत नाही. लाट फक्त स्नायूला उंबरठ्याजवळ नेते. त्याच वेळी चेतापेशींकडून ॲसिटिलकोलीन मिळालं तरच स्नायू आवळतो. म्हणून जठर मिनिटाला तीनदा आवळू शकतं, सहादा नाही; आणि तीनदा आवळेलच असंही नाही. केव्हा आवळायचं ते काहालच्या पेशी ठरवतात, आवळायचं की नाही ते चेतापेशी.

----

रिकामा_डबा:

उपाशी असताना पोट इतकं गुडगुडतं, तेव्हा आत ढकलायला काहीच नसतं. मग ही हालचाल कशासाठी?

----

पेशीजाल:

झाडलोटीसाठी. जेवणानंतर काही तासांनी, वरचा भाग रिकामा झाला की आतड्याचा वेगळाच कार्यक्रम सुरू होतो. साधारण दीड ते दोन तासांचं एक चक्र असतं. आधी बराच वेळ शांतता, मग अधूनमधून तुरळक आकुंचनं, आणि शेवटी पाच-दहा मिनिटं जोरदार, एकामागून एक लाटा. त्या लाटा जठरातून निघून लहान आतड्याच्या टोकापर्यंत सावकाश जातात आणि उरलंसुरलं सगळं पुढे लोटतात: न पचलेले तंतू, झडलेल्या पेशी, जंतू. 1969 साली जोसेफ सुर्झेव्स्की यांनी जाग्या कुत्र्यांच्या आतड्यावर इलेक्ट्रोड बसवून हे चक्र पूर्ण लांबीवर नोंदवलं. जठरातून निघणाऱ्या जोरदार टप्प्याच्या सुमारास रक्तात मोटिलिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं.

काही खाल्लं की चक्र तिथल्या तिथे मोडतं आणि जेवणानंतरची हालचाल सुरू होते. दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत राहणाऱ्याच्या आतड्याला ही झाडलोट करायला रात्रच उरते.

एरिथ्रोमायसिन घेतल्यावर पोटात मुरडा येतो, त्याचं कारणही इथेच आहे. पेशींवर मोटिलिन जिथे चिकटतं त्याच जागांना हे प्रतिजैविक जाऊन चिकटतं. जठर रिकामं होत नसेल तर काही डॉक्टर तेच औषध छोट्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी मुद्दाम देतात.

----

तर्ककठोर:

लेख माहितीपूर्ण आहे, पण मेंदूला फारच बाजूला सारल्यासारखं वाटतंय. परीक्षेच्या आधी शौचाला धावणारी माणसं सगळ्यांनी पाहिलीत. भीतीने भूक मरते. हे सगळं मेंदूतूनच येतं ना? मग आतडं स्वतंत्र कसं?

----

पेशीजाल:

मेंदूला बाजूला सारत नाहीये, त्याची जागा सांगतेय. तुमचा मुद्दा बरोबरच आहे, आणि त्याचा पुरावाही जुना आहे. एक्स-रेचा शोध लागून दोन-तीन वर्षंच झाली होती तेव्हा अमेरिकेत वॉल्टर कॅनन मांजरांना बिस्मथ (एक्स-रेत दिसणारा धातू) मिसळलेलं अन्न देऊन त्यांच्या जठराच्या हालचाली बघत होते. मांजर अस्वस्थ झालं, चिडलं की जठराच्या लाटा एकदम थांबायच्या. शांत झालं की पुन्हा सुरू व्हायच्या. कॅनन यांनी 1898 साली हे प्रसिद्ध केलं. भीती आणि राग शरीरात काय काय करतात यावरचं त्यांचं पुढचं सगळं काम इथून सुरू झालं.

आपण ज्याला ताण म्हणतो तो आतड्याच्या दोन टोकांना दोन उलट गोष्टी करतो. जठर मंदावतं आणि मोठं आतडं जोरात चालू लागतं. म्हणून परीक्षेच्या सकाळी घास उतरत नाही आणि शौचाला मात्र लागते.

पण मेंदू इथे स्नायूला थेट हुकूम देत नाही. मेंदूपासून पोटापर्यंत येणाऱ्या व्हेगस नसेतले तंतू शेवटी भिंतीतल्या जाळ्याशी बोलतात, आणि स्नायूपर्यंत काय पोहोचवायचं ते जाळं ठरवतं. शिवाय व्हेगसमधले बहुसंख्य तंतू, साधारण 80 टक्के, खालून वर बातमी नेणारे आहेत. मेंदू आतड्याला सांगतो त्याहून कितीतरी जास्त आतडं मेंदूला सांगतं.

मेंदूचा खराखुरा ताबा आहे तो दोन टोकांवर. गिळण्याची सुरुवात आपल्या इच्छेने होते. घसा आणि अन्ननलिकेचा वरचा भाग यांचे स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखेच आहेत, त्यांना मेंदूच्या बुंध्याकडून निरोप लागतो. म्हणून पक्षाघातानंतर अनेकांना नीट गिळता येत नाही, पण लहान आतडं चालू असतं. दुसरं टोक म्हणजे गुदद्वाराचा बाहेरचा वर्तुळाकार स्नायू. या दोन टोकांच्या मधल्या सात-आठ मीटरमध्ये तुमची इच्छा चालत नाही.

----

तर्ककठोर:

पक्षाघाताचं उदाहरण पटलं. घरात एकांना तसं झालं होतं. नळीने थेट जठरात दिलेलं अन्न व्यवस्थित पचायचं, पण पाण्याचा घोट दिला की ठसका. तेव्हा कारण कोणी सांगितलं नव्हतं.

----

रात्रपाळी:

मी सर्जरी वॉर्डात नर्स आहे. पोटाच्या ऑपरेशननंतर नातेवाईक रोज एकच विचारतात, "पाणी कधी देणार?" आणि आम्ही पेशंटला विचारत राहतो, "गॅस सरला का?" त्यांना हा प्रश्न विचित्र वाटतो, काही जण लाजतात. म्हणून इथे लिहितेय.

पोट उघडून आतड्याला हात लागला की आतडं काही काळ थंड पडतं. सगळं एकदम जागं होत नाही. लहान आतडं सहसा पहिल्या दिवसभरातच हलू लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठं आतडं सगळ्यात शेवटी, दोन-तीन दिवसांनी. गॅस सरला याचा अर्थ सगळ्यात उशिरा उठणारा भाग उठला. पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलेल्या आवाजावर एवढा भरवसा ठेवता येत नाही. आवाज येतात आणि पेशंटचं पोट फुगलेलंच असतं.

पूर्वी गॅस सरेपर्यंत तोंडाने काहीच द्यायचे नाहीत. आता बऱ्याच ऑपरेशनांनंतर लवकर थोडं थोडं सुरू करतात, लवकर उठवून चालवतात, काही ठिकाणी च्युइंगगमसुद्धा चघळायला देतात. चघळलं की मेंदूला जेवण सुरू झाल्यासारखं वाटतं आणि व्हेगसमार्फत खाली निरोप जातो.

आणखी एक. मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं आतड्याच्या जाळ्यातल्या चेतापेशींनाही गप्प करतात. दुखणं कमी होतं, आतडं मात्र आणखी मंदावतं. म्हणून डॉक्टर ती बेताने देतात आणि जमेल तिथे दुसऱ्या जातीची औषधं जोडीला वापरतात. तेव्हा पेशंटला दुखत असताना आम्ही आणखी एक इंजेक्शन का देत नाही, याचं एक कारण हेही असतं.

----

पेशीजाल:

रात्रपाळी, हे वर्गात वाचून दाखवणार आहे. जुलाबावरचं लोपेरामाइड हेही त्याच कुटुंबातलं. नेहमीच्या मात्रेत ते मेंदूत शिरत नाही, म्हणून फक्त आतड्याला थोपवतं. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर मात्र ते स्वतःच्या मनाने घेऊ नये.

----

ओंजळ:

मी इथे सहसा फक्त वाचते. सैल सोडण्याबद्दल वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

माझ्या मुलाला जन्मानंतर दोन दिवस उलटले तरी शी झाली नव्हती. पोट ताठ फुगलेलं, उलटी हिरवी. एक्स-रेत मोठ्या आतड्याचा वरचा भाग प्रचंड फुगलेला आणि खालचा भाग दोरीसारखा बारीक दिसत होता. मी त्या फुगलेल्या भागाकडे बोट दाखवून विचारलं, "हा खराब आहे का?" सर्जन म्हणाले, "नाही, तो चांगला आहे. खराब आहे तो खालचा, जो तुम्हाला नॉर्मल वाटतोय."

गुदाशयातून तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की गँग्लिऑन पेशी दिसल्या नाहीत. हिर्शस्प्रुंगचा आजार. त्या बारीक भागात स्नायू होता, रक्तपुरवठा होता, फक्त भिंतीतल्या चेतापेशी नव्हत्या. मला तेव्हा वाटलं होतं की चेतापेशी नाहीत म्हणजे तो भाग लुळा पडून ढिला असेल. प्रत्यक्षात तो कायम आवळलेला होता. हे असं का, ते कोणीतरी नीट समजावून सांगावं अशी फार इच्छा होती. आज हा धागा वाचून कळलं.

ऑपरेशन झालं. तो आता शाळेत जातो. शौचाच्या वेळा सांभाळाव्या लागतात, बाकी ठणठणीत आहे.

----

पेशीजाल:

ओंजळताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मनापासून आभार. या धाग्यात मला जे सांगायचं होतं ते तुमच्या सर्जननी एका वाक्यात सांगितलंय.

या चेतापेशी आतड्यात जन्मत नाहीत. गर्भात मज्जारज्जूच्या कडेने निघालेल्या पेशी आतड्याच्या वरच्या टोकाशी शिरतात आणि भिंतीतून खाली खाली स्थलांतर करत सातव्या आठवड्याच्या सुमारास शेवटच्या टोकाला पोहोचतात. प्रवास मध्येच थांबला तर खालचा भाग रिकामा राहतो. म्हणून या आजारात गुदद्वाराकडचा भाग नेहमीच बाधित असतो. फरक असतो तो फक्त कुठवर, यात. आणि चेतापेशी नसल्या की स्नायूला सैल पाडणारं कोणीच उरत नाही. स्नायूची स्वतःची प्रवृत्ती आवळून राहण्याची आहे. जाळ्याचं मोठं काम त्याला आवरण्याचं, सैल सोडायला लावण्याचं असतं.

कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 साली अशा दोन बाळांची माहिती मांडली तेव्हा सगळ्यांचं लक्ष फुगलेल्या भागाकडेच गेलं, आणि पुढे कित्येक दशकं तोच आजारी समजला जात होता. 1948 साली ऑर्वर स्वेन्सन यांनी खालचा बारीक भाग काढून वरचा निरोगी भाग ओढून गुदद्वाराशी जोडला, आणि मुलं बरी होऊ लागली. साधारण 5000 जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला 48 तासांत पहिली काळी शी झाली नाही तर "होईल उद्या" म्हणून थांबू नये. हिरवी उलटी किंवा फुगलेलं पोट असेल तर 48 तासांचीही वाट बघू नये.

----

मधुमती:

मला बऱ्याच वर्षांचा मधुमेह आहे. चार घास खाल्ले की पोट गच्च होतं. डॉक्टर म्हणाले जठर रिकामं व्हायला वेळ लागतोय. हे याच चेतापेशींचं का?

----

पेशीजाल:

बहुतेक वेळा चेतापेशी, व्हेगस आणि काहालच्या पेशी, तिन्हींना थोडा थोडा मार बसलेला असतो. जठराचं काम दोन भागांत आहे. वरचा भाग जेवताना सैल पडून जागा करतो, दाब न वाढता लिटरभर तरी मावतं. खालचा भाग दळतो. तिथली लाट अन्न जठर आणि लहान आतडं यांच्यामधल्या झडपेवर आपटते, झडप जेमतेम उघडी असते, 1-2 मिलिमीटरपेक्षा मोठे कण मागे फेकले जातात आणि पुन्हा दळले जातात. वरचा भाग सैल पडला नाही तर चार घासांतच पोट गच्च होतं, आणि खालचा नीट दळत नसेल तर जेवण तासन् तास पडून राहतं.

तपासणीत किरणोत्सारी द्रव्य मिसळलेलं ठरावीक जेवण देऊन चार तास फोटो घेतात. चार तासांनी 10 टक्क्यांहून जास्त जेवण जठरातच असेल तर ते मंद समजतात. रक्तातली साखर खूप वाढलेली असताना जठर तसंही मंदावतं, त्यामुळे त्या दिवशीची साखर बघून मगच निकालाचा अर्थ लावायचा. तुम्ही इन्सुलिन घेत असाल तर हे डॉक्टरांशी जरूर बोला: जेवण उशिरा पुढे सरकलं आणि इन्सुलिनने वेळेवर काम केलं तर साखर एकदम खाली येते. वजन कमी करण्यासाठी आणि मधुमेहासाठी हल्ली दिली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनंही जठर मंदावतात. कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना त्याबद्दल आठवणीने सांगा.

----

नेमस्त:

शेवटी मूळ दुखण्यावर येतो. रोज पोट साफ व्हायलाच हवं का? आणि तंतुमय पदार्थ, पाणी, चालणं सगळं करूनही कुंथावं लागतं. आतडं मंद आहे असं समजायचं का?

----

पेशीजाल:

रोज व्हायलाच हवं असं नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यात जे तुमचं नेहमीचं असेल ते ठीक. मोठ्या आतड्यातला प्रवास मुळातच लांबतो, दीड दिवस लागणं अगदी सामान्य आहे. तिथे बहुतेक वेळ घुसळणं चालू असतं, पाणी शोषलं जातं, आणि दिवसातून मोजक्याच वेळा एखादी मोठी लाट सगळं पुढे ढकलते. सकाळी उठल्यावर आणि खाल्ल्यानंतर ती येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ती वेळ दाबून टाकू नये, एवढं एक मी सगळ्यांनाच सांगेन.

कुंथावं लागण्याचं मात्र वेगळं कारण असू शकतं. मोठं आतडं आपलं काम चोख करतं, मळ गुदाशयापर्यंत येतो, गुदद्वाराचा आतला स्नायू आपोआप सैल होतो, आणि नेमकं त्याच वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, जे आपल्या इच्छेवर चालतात, सैल पडण्याऐवजी आवळले जातात. माणसाला ते कळत नाही. तो आणखी जोर लावतो, ते आणखी आवळतात. अशा वेळी कितीही रेचकं घेतली तरी त्रास संपत नाही.

हे ओळखता येतं. मंद आतड्यासाठी, एक्स-रेत दिसतील अशी 24 बारीक कडी असलेली कॅप्सूल गिळायला देतात आणि पाचव्या दिवशी फोटो काढतात. पाचपेक्षा जास्त कडी उरली तर प्रवास मंद. तळाच्या स्नायूंसाठी गुदाशयात 50 मिलिलिटर पाण्याचा फुगा ठेवून तो बाहेर टाकायला सांगतात. बहुतेकांना मिनिटभरात जमतं. शिवाय दाब मोजणारी नळी घालून कुंथताना स्नायू सैल होतो की आवळतो ते पडद्यावर दिसतं.

दोष तळाच्या स्नायूंचा निघाला तर त्यावरचा उपाय म्हणजे बायोफीडबॅक. पडद्यावरची तीच रेघ बघत माणूस स्नायू सैल सोडायला शिकतो. काही आठवड्यांची बैठकांची मालिका असते, आणि या प्रकारच्या बद्धकोष्ठात ती रेचकांपेक्षा सरस ठरलेली आहे. पोटविकारतज्ज्ञांकडे जाल तेव्हा किती दिवसांनी होतं एवढंच सांगू नका. बसल्यावर किती वेळ लागतो, अडकल्यासारखं वाटतं का, हाताने मदत करावी लागते का, हेही संकोच न करता सांगा. वजन उतरत असेल, रक्त पडत असेल किंवा सवय अलीकडेच अचानक बदलली असेल, तर यातलं काहीही करण्याआधी त्याची तपासणी करून घ्या.

----

नेमस्त:

अडकल्यासारखं वाटतं, नेहमीच. हे आजवर कोणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात वेळ घेतलीये. तुमचा हा प्रतिसाद छापून सोबत नेतो.